जुन्या फोटोत कुणीच हसत का नाही?

माझ्या लॅपटॉपवर ‘जुना डेटा’ नावाचं एक फोल्डर आहे. कुणी मागून डोकावलं तर संशय येऊ नये म्हणून नाव असं. आत डेटा वगैरे काहीही नाही. जुने फोटो आहेत, विचित्र चित्रं आहेत आणि येता-जाता टिपलेल्या पाट्या आहेत. आमच्या हॉस्टेलजवळच्या एका सलूनमध्ये लिहिलंय, ‘राजकारणावर बोलू नये, आमच्या हातात वस्तरा आहे.’ एका पंक्चरवाल्याने दुकान बंद असताना लावलेली पाटी आहे, ‘जेवायला गेलोय, हवा स्वतः भरून घ्या, पैसे लक्षात ठेवा.’ थिसिसचा तिसरा चॅप्टर अडला की मी हे फोल्डर उघडते आणि अर्धा तास हरवून जाते.

बरेच दिवस याचं अपराधी वाटायचं. आता वाटत नाही. कारण संशोधनात मी केलेली सगळ्यात महागडी चूक मला या फोल्डरमुळे नीट कळली. तुम्ही नेट-पेटच्या तयारीत असाल किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालं असेल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी. पण आधी थोडे फोटो बघू. घाई नाही.

लंडन, पॅरिस, अमेरिका इथले एकोणिसाव्या शतकातले तान्ह्या बाळांचे फोटो कधी बघितलेत का? बाळ मांडीवर बसलेलं असतं, पण ज्या मांडीवर बसलंय तिच्यावर एक गालिचा किंवा पडदा टाकलेला असतो. नीट बघितलं की त्या कापडाखाली माणसाचा आकार दिसतो. ती आई! फोटोला वेळ लागायचा, बाळ हलायचं, म्हणून आईने त्याला घट्ट धरायचं. पण फोटो बाळाचा, म्हणून आईला खुर्चीसारखं झाकून टाकायचं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मेसमध्ये एकटीच हसत बसले होते. नंतर जरा भीतीही वाटली. असे फोटो दोन्ही एकदम करतात.

त्याहून जुना एक फोटो आहे, तो तर मी डेस्कटॉपवर लावलाय. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता ओसाड. प्रत्यक्षात तो भरगच्च वाहता रस्ता होता, पण प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात जे हललं ते पुसलं गेलं. गाड्या, घोडे, माणसं, सगळं गायब. उरला तो फक्त कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता. फोटोत आलेल्या पहिल्या माणसांपैकी एक, आणि आला कशामुळे? बुटाला चिखल लागला म्हणून!

आता मुद्द्यावर येते. या फोल्डरमध्ये आमच्या घरचाही एक फोटो आहे. माझ्या आज्जी-आजोबांचा, १९५७ सालचा, तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं. आमच्या तालुक्यात कारंजं आजही नाही. आजोबा खुर्चीत बसलेत आणि डावा हात अशा विचित्र कोनात पुढे आणलाय की मनगटावरचं घड्याळ कॅमेऱ्याला दिसलंच पाहिजे. तुमच्याही घरी असा हात असलेला एक तरी फोटो सापडेल, पैज लावते. आज्जी शेजारी उभी. सोळा वर्षांची. चेहरा असा की कुणीतरी शिक्षा सुनावली आहे.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला सगळे जमलो होतो, तेव्हा माझ्या चुलतभावाने हा फोटो फिरवला आणि विचारलं, “जुन्या काळी लोक फोटोत हसायचे का नाहीत गं? तू सायन्सवाली ना, सांग.” मी लगेच सांगितलं. तेव्हा एक्स्पोजरला खूप वेळ लागायचा, इतका वेळ हसू धरून ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे गंभीर. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका म्हणाले, पोरगी शिकली त्याचं सार्थक झालं. आज्जी कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत होती. ती काही बोलली नाही.

हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेल. छान उत्तर आहे. शास्त्रीय आहे, एका वाक्यात सांगता येतं आणि सांगणारा हुशार दिसतो. फक्त ते आपल्या फोटोला लागू पडत नाही, आणि हे तपासायला मला फक्त तारखा शेजारी शेजारी लिहाव्या लागल्या असत्या.

दागेरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली तेव्हा मिनिटं लागत, हे खरं. १८४० साली अमेरिकेत जॉन ड्रेपर याने आपल्या बहिणीचा फोटो घेतला, तिला ६५ सेकंद स्थिर बसावं लागलं. पण पुढे चांगली भिंगं आली, प्लेट जास्त संवेदनशील झाल्या. १८५१ साली ओल्या कलोडियनची पद्धत आली आणि काम सेकंदांवर आलं. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, आणि त्या दशकाच्या अखेरीला सेकंदाचा छोटासा अंशही पुरू लागला. १८७८ साली मायब्रिजने धावत्या घोड्याचे फोटो घेतले. चारही पाय हवेत असलेला घोडा जो कॅमेरा पकडतो, त्याला माणसाचं हसू पकडता येत नाही असं कसं म्हणणार?

म्हणजे एक्स्पोजर हेच खरं कारण असेल तर १८८० नंतर लोक धडाधड हसायला हवे होते. तसं झालं नाही. पुढची कित्येक दशकं चेहरे तसेच. आणि आमचा फोटो तर १९५७ चा! माझं उत्तर जवळजवळ ऐंशी वर्षं उशिरा पोचलं होतं.

उलट बाजूनेही ते गळतं. वेल्समध्ये मेरी डिलविन नावाच्या बाईंनी १८५३ च्या सुमारास विली नावाच्या मुलाचा फोटो घेतला. त्यात तो बाजूला काहीतरी बघून चक्क हसतोय. जिथे एक्स्पोजर पुढच्या काळापेक्षा मोठं होतं तिथेही हसू आहे, जिथे अगदी छोटं होतं तिथे नाही. (आणि २० सेकंद हसू धरता येतं का, हे करून बघा. आरशासमोर उभे राहा, मोबाइलवर वेळ लावा. येतं धरता. बाराव्या सेकंदाला आपण वेडे दिसायला लागतो एवढंच.)

असंच एक फॉरवर्ड नेहमी फिरतं. जुन्या फोटोत माणसाच्या मागे लोखंडी स्टँडचे पाय दिसतात, म्हणजे तो माणूस मेलेला आहे आणि त्याला स्टँडला बांधून उभं केलंय. मृतांचे फोटो काढायची पद्धत होती हे खरं, पण ते बहुधा निजलेले, किंवा मूल असेल तर आईच्या मांडीवर. तो स्टँड जिवंत माणसाचं डोकं हलू नये म्हणून मागून टेकवायचा. प्रेताचं वजन त्याला पेलणारच नाही. पण ‘मेलेला माणूस’ हे उत्तर इतकं थरारक आहे की स्टँड किती जाडीचा आहे हे बघायला कुणी थांबत नाही.

आता माझी चूक. मी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर काम करते, वायू ओळखणाऱ्या सेन्सरसाठी. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, माझ्या नमुन्यांचा रेझिस्टन्स दुपारी तीननंतर घसरायला लागला आणि रात्रभरात हळूहळू परत वर यायचा. लॅबमधल्या सीनियरना विचारलं, सगळे एका सुरात म्हणाले, “दमट हवा. पावसाळ्यात होतंच.” पटलं. बाहेर धो धो पाऊस, भिंतीला ओल, फाइलींना बुरशी. दमट हवेचा झिंक ऑक्साइडवर परिणाम होतो हे पेपरांतही आहे. मी डबा बनवून घेतला, त्यात सिलिका जेल भरलं, पंधरा-पंधरा दिवसांनी ते ओव्हनमध्ये सुकवलं. प्रोग्रेस रिपोर्टमध्ये ‘आर्द्रतेमुळे’ असं ठामपणे लिहिलं. तपासलं मात्र काहीच नव्हतं.

जानेवारी आला. हवा कोरडी, ओठ फुटतायत, आणि घसरण ऑगस्टपेक्षा जास्त! तेव्हाही मी तीन आठवडे डब्याच्या झाकणाला दोष देत होते.

कारण काय होतं? खिडकी. माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून, आणि डबा पारदर्शक अॅक्रिलिकचा. झिंक ऑक्साइडवर अतिनील किरण पडले की त्याच्या पृष्ठभागाला चिकटलेला ऑक्सिजन सुटतो, विद्युतवाहकता वाढते आणि अंधारात ती पूर्ववत व्हायला तासन् तास लागतात. खिडकीच्या साध्या काचेतूनही थोडे अतिनील किरण आत येतात. पावसाळ्यात ढग होते म्हणून परिणाम कमी, हिवाळ्यात ऊन होतं म्हणून जास्त. आर्द्रता कारण असती तर नेमकं उलट दिसायला हवं होतं. शिवाय दुपारी तर हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण कमीच होते, हे शाळेतलं भूगोलही मला आठवलं नाही. पाच महिने गेले. फेलोशिपचे पाच महिने म्हणजे किती, हे ज्यांना मिळते (आणि ज्यांना वेळेवर मिळत नाही) त्यांना सांगायला नको.

त्या रात्री वैतागून ‘जुना डेटा’ उघडलं आणि आज्जीचा फोटो समोर आला. गणपतीतलं माझं भाषण आठवलं. एक्स्पोजर आणि दमट हवा, दोन्ही एकाच जातीची उत्तरं. खोटी नव्हेत. कुठेतरी, कधीतरी खरी असलेली. म्हणूनच ती धोक्याची, कारण त्यांच्यावर कुणी शंका घेत नाही. मग ठरवलं, या फोटोचा प्रश्न तरी नीट सोडवायचा.

दुसरं गृहीतक दातांचं. तेव्हा लोकांचे दात खराब असायचे, म्हणून तोंड मिटून. पण सगळ्यांचेच दात तसे असतील तर लाजायचं कुणाला? आणि ज्या तरुण मुलांचे दात चांगले होते त्यांचं काय? मला हे फार पटलं नाही. पण त्याचा माग काढताना मी चित्रकलेत जाऊन पोचले, आणि तिथे मजा आली. १७८७ साली पॅरिसमध्ये एलिझाबेथ विजे-लब्रून या चित्रकर्तीने मुलीला कुशीत घेतलेलं स्वतःचं चित्र प्रदर्शनात मांडलं. त्यात तिचे ओठ जरासे विलग आहेत आणि दात दिसतात. बस, एवढंच. त्यावरून गवगवा झाला, की सभ्य स्त्री स्वतःला असं रंगवते? युरोपच्या चित्रांत दात दाखवून हसणारे असत, पण ते म्हणजे दारुडे, नट, वेडे, भिकारी आणि लहान मुलं. घरंदाज माणूस तोंड मिटून. फोटो आला तेव्हा लोकांनी तो ‘स्वस्तातलं तैलचित्र’ म्हणून घेतला आणि तैलचित्राचे नियमही सोबत घेतले.

हे तिसरं गृहीतक, म्हणजे रीतीचं. आणि इथे आपल्याला लांब जायलाच नको, आपली भाषा ऐका. ‘दात काढू नकोस.’ ‘बत्तीशी कशाला दाखवतेस?’ ‘काय दात विचकतोय!’ ‘फिदीफिदी हसू नका.’ मराठीत दात आणि हसू एका वाक्यात आले की बहुतेक वेळा ओरडाच बसतो. कौतुकाचं हसू ते ‘गालातल्या गालात’. म्हणींवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे मान्य. पण प्रश्न कुठे विचारायचा ते कळतं.

म्हणजे तेव्हाच्या लोकांना विनोद कळत नव्हता का? छे. आमच्या कोल्हापुरातच १८६७ साली जन्मलेले चित्रकार म. वि. धुरंधर आठवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी पोस्टकार्डांसाठी मुंबईतली रोजची माणसं रंगवली, त्यातल्या एकाचं नावच ‘नखरेल मोलकरीण’ अशा अर्थाचं आहे. रस्त्यावरची गंमत त्यांना बरोब्बर दिसत होती. म्हणजे हसू होतं. फक्त भिंतीवर टांगायच्या फोटोत ते यायचं नाही. याच काळात, १९०१ ते १९०४ च्या दरम्यान, बर्थोल्ड लाउफर हा अभ्यासक चीनमध्ये होता. त्याच्या मोहिमेतला एक फोटो प्रसिद्ध आहे. एक माणूस भाताचा वाडगा घेऊन बसलाय आणि तोंडभर हसतोय. हा फोटो त्या माणसाच्या घरासाठी काढलेला नव्हता. मला वाटतं फरक तिथे आहे. फोटो कुणासाठी काढलाय आणि तो कुठे लागणार, यावर चेहरा ठरतो.

मग हसू आलं कधी? क्रिस्टिना कोचेमिदोवा यांनी २००५ साली मांडलं की अमेरिकेत यात कोडॅकच्या जाहिरातींचा मोठा हात आहे. १८८८ चा कोडॅक, १९०० साली आलेला एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा, आणि त्यांच्या जाहिरातींत सतत सहली, सुट्ट्या, हसरी माणसं. फोटो म्हणजे आनंदाचा क्षण, हे लोकांना शिकवलं गेलं. त्याला जोड म्हणून २०१५ चा एक अभ्यास बघा. बर्कलीच्या संशोधकांनी १९०५ ते २०१३ या काळातल्या अमेरिकन हायस्कूलच्या वार्षिकांकांमधले ३७,९२१ समोरून घेतलेले चेहरे गोळा केले आणि संगणकाने ओठांची वक्रता मोजली. सरासरी हसू वर्षांगणिक वाढत गेलेलं दिसतं, आणि मुली मुलांपेक्षा सतत जास्त हसतात. हा अभ्यास वाचताना मी अक्षरशः टाळी वाजवली. ‘लोक पूर्वी हसत नव्हते’ या गप्पा सगळेच मारतात, यांनी ओठ मोजले!

पण मोजलं म्हणून सगळं सुटलं असं नाही. हे अमेरिकन शाळकरी चेहरे आहेत. शाळेचा फोटो आणि लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो एक नव्हे, आणि त्यावरून आमच्या तालुक्याबद्दल काहीच बोलता येत नाही. शिवाय आपल्यापर्यंत पोचलेले फोटो हे कुणीतरी जपलेले आहेत. ज्यात कुणी हसताना हललं आणि चेहरा फिस्कटला, तो फोटो फ्रेममध्ये गेलाच नसेल. तुमच्या डेटातही ही गोष्ट शोधा, की जे नमुने टिकले तेच आपण बघतोय का?

एवढं सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की या फोटोतली एक व्यक्ती जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आणि मी तिला अजून विचारलेलंच नाही. शंभर वर्षांचे ओठ मोजणारा पेपर मी दोनदा वाचला होता.

दिवाळीत घरी गेले तेव्हा लॅपटॉप तिच्यापुढे धरला. “आज्जी, यात तू हसली का नाहीस? हसायचं नाही असं सांगितलं होतं का कुणी?”

“न्हाई गं. फोटोवाला तर सारखा म्हणत हुता, वहिनी, जरा हसा.”

माझी तिन्ही गृहीतकं तिथल्या तिथे खाली बसली. फोटोवाला १९५७ मध्ये ‘हसा’ म्हणत होता.

मग तिने हळूहळू सांगितलं. लग्न वैशाखात झालेलं. आखाडासाठी तिचा थोरला भाऊ तिला न्यायला आला, दोन दिवसांची वाट तुडवून, पावसात. मामंजी म्हणाले, लावणी तोंडावर आली आहे, हात कमी आहेत, पुढच्या साली बघू. दादा चहा घेऊन तसाच परत गेला. “मी चुलीपाशी बसून रडत हुते. तर ह्यांनी काय केलं, तिसऱ्या प्रहरी मला बाजारला न्हेलं आणि फोटो काढला. रडं थांबावं म्हणून.”

तो फोटो मी किमान दोनशे वेळा बघितला असेल. आजोबांच्या हातावर, कारंज्यावर विनोद केले होते. तिच्या पदराचं टोक तिने मुठीत आवळून धरलंय, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

यामुळे बर्कलीचा अभ्यास चूक ठरत नाही, रीतीचं गृहीतकही नाही. ३७,९२१ चेहऱ्यांची सरासरी एका चेहऱ्याबद्दल काही सांगत नाही, एवढंच. आणि एका आज्जीवरून सगळ्यांबद्दलही काही सांगता येत नाही. व्हायवाला हे विचारतात, तेव्हा पाठ केलेली व्याख्या सांगितली तरी चालते. आणि आज्जीचं सांगणंही सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांनंतरची आठवण आहे, हे संशोधक म्हणून मला लिहून ठेवायला हवं. ठेवलंय. पण मूठ फोटोत आहे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर घरातला एक जुना फोटो घ्या. तो ‘का’ असा आहे हे पंधरा मिनिटं अजिबात लिहू नका, फक्त ‘काय’ दिसतंय ते लिहा. बोटं, बटणं, चपला, सावली कुठल्या बाजूला पडली आहे. मग त्यातलं कुणी हयात असेल तर विचारा. लवकर विचारा.

शेवटी मी आज्जीला विचारलं, “आणि आजोबांचं ते घड्याळ?”

“ह्यांचं कुठलं आलंय घड्याळ! फोटोवाल्याचं. फोटो झाल्यावर त्यानं आधी घड्याळ काढून घेतलं, मग पैसे मागितले.” आणि ती जी हसायला लागली, की मी पटकन मोबाइल काढून फोटो घेतला. तोंडात वरचे दोनच दात, डोळे मिटलेले, फोटो हललेला.

तिने बघितला आणि म्हणाली, “ह्यात बत्तीशी दिसतीय माझी. पूस त्यो.”

पुसला नाही. ‘जुना डेटा’मध्ये आहे.